तिसऱ्या परीक्षेचा निकाल

१२ नोव्हेंबर. रक्कम रुपये चार हजार आठशे साठ फक्त. टिकसाहेबांनी ती सकाळी चहा व्हायच्या आत कार्डावरून भरली आणि पावतीची प्रत काढून फाईलला लावली.

टिकसाहेब रंगाच्या कारखान्यात अंतर्गत हिशेबतपासनीस. एकतीस वर्षं प्रत्येक बिलावर हिरव्या पेन्सिलने खूण करत आले, म्हणून हे नाव पडलं. कोणी दहा बिलांतली आठच आणली, तर ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "उरलेली दोन कुठे जेवायला गेलीत?"

लेकीला जहाजबांधणी शिकायची होती आणि त्यासाठी एकच कॉलेज तिच्या डोक्यात बसलं होतं. प्रवेश परीक्षा तिने तीनदा दिली. पहिल्यांदा आठशेपैकी गणितात ७४०, भाषेत ५६०. दुसऱ्यांदा भाषेत ६९०, गणितात ६५०. तिसऱ्यांदा दोन्हीकडे सपशेल आपटी: ५४० आणि ५२०. कॉलेजचं म्हणणं सरळ होतं. हवे ते निकाल पाठवा, प्रत्येक विषयातले त्यांतले सर्वांत चांगले गुण धरू; मात्र जो कागद येईल तो समिती वाचणार. एका निकालाला सोळाशे वीस रुपये. पहिले दोनच पाठवायचे, हे लेकीने केव्हाच ठरवलं होतं. टिकसाहेबांनी तिला न विचारता तिन्ही पाठवले.

निकाल पाठवल्याचा निरोप मोबाईलवर बघून लेक दुपारी जेवणाच्या सुट्टीत थेट कारखान्यात आली. तिचा चेहरा बघून शेजारी बसलेल्या स्टोअरकीपरने डब्याचं झाकण लावलं. "साहेब, आज तुमचंच ऑडिट दिसतंय."

"बाबा, तिसरा पण पाठवलात?"

"तीन परीक्षा दिल्यास, तीन निकाल गेले. चुकलं काय त्यात?"

"त्यांनी मागितला होता का?"

"मागितला नाही म्हणून दडवायचा? दडवलेलं बिल मी बाहेरच्यांचं चालवून घेतलं नाही, घरातलं कसं घेऊ?"

"पोरी, कुठे नादी लागतेस," स्टोअरकीपर म्हणाला. "डझनात एक ब्रश कमी भरला, तर यांनी माझ्याकडून दोन पानी खुलासा लिहून घेतला होता."

लेकीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाबा, त्या दिवशी मला ताप किती होता?"

"होता थोडा."

"एकशे दोन. आई म्हणत होती, झोपू दे तिला. तुम्ही काय म्हणालात?"

टिकसाहेबांना शब्द न् शब्द आठवत होता. फी भरलीय, परत मिळत नाही, वाया कशाला घालवायची. असं म्हणून ते स्वतः तिला केंद्राच्या दारापर्यंत सोडून आले होते, हातात गोळ्यांची पट्टी देऊन.

"तो निकाल तुमचा आहे बाबा. माझ्या नावावर का टाकलात?"

भलत्याच खात्यावर पडलेली रक्कम टिकसाहेबांना एरवी लांबून दिसायची. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"रद्द होतो का?"

"चार वाजेपर्यंत. मग तो जातो."

"मग उभी काय राहिलीस? खुर्ची ओढ. आधी अटी वाचू."

"अकरा पानं आहेत."

"मग भरभर वाचू."

सातव्या पानावर अट सापडली: विद्यार्थ्याने स्वतःच्या खात्यातूनच निकाल रद्द करायचा, त्याचं शुल्क स्वतःच्याच कार्डावरून भरायचं, आणि आधी भरलेली फी परत मागायची नाही. त्या शेवटच्या ओळीवर टिकसाहेब जरा रेंगाळले.

"सोळाशे वीस गेले म्हणायचे," ते म्हणाले. "जाऊ देत. दाब बटण."

"तुम्ही बरे आहात ना साहेब?" स्टोअरकीपरने विचारलं.

"तू तुझे ब्रश मोज."

तीन वाजून चाळीस मिनिटांनी तिसरा निकाल रद्द झाल्याचा निरोप आला. टिकसाहेबांनी त्याचीही प्रत काढली आणि सवयीप्रमाणे कोपऱ्यात हिरवी खूण केली.

मार्चमध्ये कॉलेजचं पत्र आलं. जागा मिळाली. लेक ऑगस्टात गेली. आता रविवारी फोनवर जहाजाच्या बुडाविषयी बोलते आणि टिकसाहेब कळल्यासारखं हुं हुं करतात.

रद्द करण्याचे रुपये चारशे पन्नास लेकीच्या कार्डावरून गेले होते. ते टिकसाहेबांनी तिला अजून दिलेले नाहीत.