तुपावरचे दिवस

दाभोशाच्या रुपीनं जन्मात कधी तूप चाखलं नव्हतं. पाड्यावर गाई होत्या, पण त्यांचं दूध काढायची रीत नव्हती. दूध वासराचं, माणसानं त्यात तोंड घालू नये, इतकी साधी गोष्ट. अशा बाईला जव्हारच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला तूप पाज.

विलायतेत मोठी लढाई पेटली होती ते साल. रुपीची अकरा वर्षांची हिरी दिवसभर पाणी ढोसायची, दिवसभर बाहेर पळायची आणि तरी वाळत चालली होती. ती लघवीला बसली की त्या जागी मुंग्यांची रांग लागे. भगतानं कोंबडा घेतला, दाणे टाकून पाहिले, गुण काही आला नाही. मग रुपीनं पोरीला पाठीवर घेतलं आणि सहा कोस चालत जव्हार गाठलं.

पेठेत मुंबईहून शिकून आलेले एक डॉक्टर बसत. त्यांनी काचेच्या नळीत हिरीची लघवी निळ्या औषधात घालून तापवली. नळीतलं पाणी विटेसारखं लाल झालं.

"मधुमेह आहे. हिला भात नको, भाकरी नको, गूळ नको, कंद नको. अंडी दे, मासे दे, कोंबडी दे. आणि तूप, तेल भरपूर."

रुपीला हसूच फुटलं. "साहेब, ही तं राजाची पंगत झाली."

डॉक्टर हसले नाहीत. "ती बरी होणार नाही, बाई. दिवस वाढतील फक्त. नीट सांभाळलंस तर वर्ष, दोन वर्षं."

या दुखण्यावरची सुई निघायला अजून सात-आठ वर्षं होती. तेव्हा कुणाही डॉक्टरच्या हातात याहून जास्त काही नव्हतं.

रुपी कंबर कसून लागली. तिचा नवरा फागू नदीतून मासे, चिंबोऱ्या आणी. देवासाठी राखलेल्या कोंबड्या एकेक करून चुलीवर चढल्या. खुरासणीच्या तेलबिया देऊन बाजारातून तूप आलं. पहिल्या दिवशी हिरीनं ते ओकून टाकलं, दुसऱ्या दिवशी नाक दाबून गिळलं. चार दिवस तिचं डोकं ठणकत होतं, पाय उचलत नव्हते. मग तहान जराशी कमी झाली. मुंग्या मात्र हटेनात.

महिन्यानं नळीतलं पाणी पुन्हा लालच झालं.

"काय काय देतेस तिला?" डॉक्टर वैतागले.

"अंडी, मासे, तूप. तुमी सांगलं तेच."

"आणखी?"

"काय नाय. सकाळ-दुपार पेज तेवढी."

"कसली पेज?"

"नागलीची. दुसरी कसली असते?"

डॉक्टरांनी नळी खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. पण रुपीचं तरी काय चुकलं? तिच्या घरात नाचणीची ही पेज म्हणजे खाणं नव्हतंच. तीन वाडगे पेज रिचवलेला माणूसही संध्याकाळी सांगे, सकाळपासून पोटात काही नाही. भात बंद करावा, भाकर बंद करावी, पण आजाऱ्याच्या तोंडची पेज कोण बंद करतं? रुपी रोज स्वतःच्या हातानं, मायेनं, पोरीला तेच विष पाजत आली होती. हे कळल्यावर ती तिथंच भिंतीला टेकली.

त्या दिवसापासून पेज बंद. हिरीसमोर नको म्हणून रुपीनं घरात ती शिजवणंच सोडलं. मुंग्या खरोखर गेल्या. हिरी बापाबरोबर नदीवर जाऊ लागली. रुपीला दोन महिने चांगले मिळाले, तेवढेच.

पाड्यावर कुजबुज सुरू झाली. फागूची बहीण चिमी तर तोंडावर म्हणाली, "पोरीला उपाशी मारतेस तू." नव्या भाताच्या दिवशी घरोघर सगळ्यांच्या तोंडी नवं पडलं. रुपी हिरीला घेऊन दार लावून बसली.

"आये, मी मेली काय गं?" हिरीनं विचारलं. "मेल्या माणसालाबी नव्याचा घास ठेवतात."

 रुपीनं तुपाची वाटी पुढं सरकवली.

माघात पोरीच्या पोटात काही टिकेना. श्वास खोल चालू लागला, तोंडाला आंबूस वास येऊ लागला. शेवटचे तीन दिवस तिला एवढंच बोलता येत होतं, "आये, पेज दे. एक घोट." रुपी ओठांवर तूप लावी, ते हनुवटीवर ओघळे. फागू रडत म्हणाला, "दे गं, मना नाय बघवत." रुपीनं त्याचा हात झिडकारला. एका घोटानं दिवस कमी झाले तर? चौथ्या दिवशी दुपारी हिरी गेली.

दिवस घातल्यावर रुपी जव्हारला गेली. ज्यानं मदत केली त्याला सांगायला हवं, असं तिला वाटलं.

"शेवटी काही मागितलं तिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेज मागली. तीन दिस मागली. पन मी नाय दिली, साहेब. तुमचा शबूद नाय मोडला."

 डॉक्टर खाली बघत म्हणाले, "तेव्हा द्यायची होतीस गं. त्या वेळी पेजेनं काही बिघडणार नव्हतं. मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

रुपी उठली, दवाखान्याच्या पायरीपर्यंत आली आणि तिथंच बसली. रात्री फागू पाड्यावरून शोधत आला तरी तिला उठता आलं नाही.