करियाच्या पाटीवर काय लिहू?

मित्रांनो, म्हैसूरच्या ज्या निवाऱ्यात मी कामाला आहे, तिथल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांवरच्या पाट्या मीच लिहितो.

करिया खात असताना कुणी हात घातला तर चावतो. निवारा चालवणाऱ्या आमच्या अक्का म्हणाल्या, "तसं लिहिलंस तर कोण नेईल रे त्याला?" म्हणून मी लिहिलं, 'जेवताना एकांत आवडतो.'

मेटगळ्ळीच्या एका शिंपीकाकांनी त्याला हौसेने नेलं. आज सकाळी ते त्याला परत घेऊन आले.

"अय्यो, आमच्या आईला आग्रह करून वाढायची सवय. लाजतोय बिचारा, असं वाटून तिने त्याच्या ताटलीत आणखी भात घातला. हाताला टाके पडले तिच्या! चावतो, असं सरळ लिहायला काय झालं होतं तुला?"

मी पाटी पुसली आणि सरळ लिहिलं.

दुपारी एक जोडपं आलं. करिया शेपटी हलवत जाळीपाशी गेला. बाईंनी त्याच्याकडे हात नेला, पाटी वाचली आणि हात मागे घेतला.

खरं सांगा, ही पाटी वाचून तुम्ही त्याला नेलं असतं का? मी घरी फोन करून आईला विचारलं.

"आपल्याकडे नको रे," म्हणाली.