बिनसांध्याची नळी

आमच्या धंद्यात घण बाई मारते. पुरुष ऐरणीपाशी बसतो, डाव्या हातातल्या सांडशीत तापलेलं लोखंड, उजव्या हातात छोटी हातोडी. समोर बायको उभी, पाच किलोचा घण घेऊन. भांडुपला आमची पत्र्याची शेड कंपन्यांच्या रस्त्यावर होती. जाणारे-येणारे कामगार थांबून बघायचे, आणि एखादा शहाणा म्हणायचा, "बाईला राबवतोय बघ." मी तिथल्या तिथं ऐकवायचे, "तू ये ना, तू मार चार घाव, मग बोल!" एकही मायेचा पूत पुढं आला नाही.

काम चालू असताना आम्ही बोलायचो नाही. बोलून ऐकू तरी काय येणार? हातोडी बोलायची. ह्यांनी रिकाम्या ऐरणीवर एकदा टिक केलं की मी सुरू करायचं. मग ते हातोडीनं जिथं टोकतील तिथं माझा घण पडायचा. आणि मधेच रिकाम्या ऐरणीवर टिक-टिक वाजलं की थांबायचं. मग घण डोक्यावर असला तरी तो बाजूला सोडून द्यायचा, खाली लोखंडावर आणायचा नाही. अठरा वर्षं असं चाललं. घरात आमचं पटायचं नाही, भाजीत मीठ कमी म्हणून दोन-दोन दिवस अबोला चालायचा, पण अबोल्यातसुद्धा टिक झालं की माझा घण वर जायचाच.

माघात हे गेले. छातीचं दुखणं होतं, पंधरा दिवसांत आटोपलं. मला मूलबाळ नाही.

तेराव्याला गावाहून दीर आले. तेही लोहारच, गावाकडं त्यांचं दुकान आहे. जेवणं झाल्यावर ते शेडमध्ये गेले आणि ऐरणीवरून हात फिरवत उभे राहिले. ऐरण सासऱ्यांच्याही आधीची, कडा झिजून गोल झालेल्या. म्हणाले, "वहिनी, ही आता इथं पडून काय करणार? घेऊन जातो. तुम्हीही चला गावाला, दोन भाकऱ्या कुठं जड आहेत?"

"आणि मी इथं राहून काम केलं तर?"

"कसलं काम? बाईनं सांडशीच्या बाजूला बसायचं नसतं. आणि बसलात तरी घण कोण मारणार?"

घणाचा प्रश्न खरा होता. म्हणून मला जास्तच राग आला. "नारळी पुनवेपर्यंत ऐरणीला हात लावायचा नाही," मी म्हणाले. "तोवर मी काम करून दाखवलं नाही, तर पुनवेच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन या. मी स्वतः चढवायला हात लावीन." दीर मनानं वाईट नाहीत. बरं म्हणाले आणि गेले.

बोलायला काय जातं? चार महिने मी नुसती खुरपी आणि कोयत्यांना धार लावत बसले. खरं सांगायचं तर शेडमध्ये जायला नको वाटायचं. ह्यांचा बसायचा पाट तसाच होता, मधे घासून गुळगुळीत झालेला. मी तो हलवला नाही आणि त्याच्यावर बसलेही नाही. उभ्यानंच काय ते करायचे. रविवारी संध्याकाळी सगळी गल्ली समोरच्यांच्या घरी टीव्हीवर सिनेमा बघायला जमायची. मलाही बोलवायचे. एकदा गेले, तर सगळे जोडीजोडीनं बसलेले. पुन्हा गेले नाही.

मग एक दिवस खाडीवरची कोळीण आली. ही आमची जुनी गिऱ्हाईक. त्यांच्यात होडी चिखलातून ढकलायला लांब बांबू वापरतात, आणि बांबूच्या टोकाला लोखंडाची टोकदार अणी लागते. अणीच्या वर पोकळ नळी असते, तिच्यात बांबू घट्ट बसतो. आमचे हे ती नळी पत्रा गुंडाळून करायचे आणि सांधा ठोकून बंद करायचे. कोळणीनं पाटीतून एक नळी काढून माझ्यापुढं आपटली. सांधा उकलून तिचा जबडा वासला होता.

"बग गो, तुज्या दादल्याचं काम! अणी ऱ्हायली चिखलान, न माजा दादला पडला पान्यान. खारं पानी सांद्यान शिरतं न आतून खातं. मना सांदा नको. बारा पायजेत, पुनवेच्या आदी. जमंल का नाय सांग, नायतर मी ठान्याला जाते."

मेलेल्या माणसाच्या कामाला कोणी नाव ठेवलेलं मला सहन झालं नाही. "बिनसांध्याची देईन," मी म्हणाले. "घेऊन जा पुनवेच्या आधी." ती गेली आणि मी काय बोलून बसले ते मला कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बिनसांध्याची नळी मी एकदाच बघितली होती, नवी नवरी असताना. भरीव सळईचा तुकडा तापवायचा, जाड ठोकळ्याच्या भोकात उभा टाकायचा, आणि वरून त्याच्या मधोमध सुंबा ठोकायचा. सुंबा म्हणजे पोलादाचा निमुळता दांडा. तो आत उतरतो तसं लोखंड त्याच्या भोवतीनं वर चढतं, पिठात मूठ दाबली की पीठ कडेनं वर येतं ना, तसं. खाली बूड भरीव राहतं, त्यातून अणी ओढायची. सगळं एका जिवाचं, सांधा म्हणून कुठं नाही. पण ते तिघांचं काम होतं. सासरे तुकडा बघत होते, ह्यांनी सुंबा धरला होता आणि घण माझ्याकडं होता. आता त्या तिघांतली मी एकटी उरले होते. आणि ती हत्यारं सासऱ्यांच्या मागं कुठं गेली, देवाला ठाऊक.

म्हणजे आधी हत्यारं करायची. भंगारवाल्याकडून ट्रकच्या एक्सलचा तुकडा आणला. पंख्याचा दांडा फिरवून भट्टी पेटवली आणि जन्मात पहिल्यांदा सांडशीच्या बाजूला उभी राहिले. चार दिवस ठोकून एक सुंबा घडला. मग त्याला पाणी दिलं, म्हणजे लाल करून पाण्यात बुडवलं, कडक व्हायला. सगळा बुडवला, डोक्यासकट. हातोडीच्या पहिल्याच घावाला डोक्याची कपची उडाली आणि माझ्या दंडात घुसली. खूण अजून आहे. पाणी फक्त टोकाला द्यायचं, डोकं नरम ठेवायचं, घाव त्यानं सोसायचे असतात, हे मला ठाऊक नव्हतं. आमचे हे पाणी द्यायचे तेव्हा मी चहा टाकायला घरात जायचे ना!

दुसरा सुंबा केला. तो तुकड्यात रुतून बसला, निघता निघेना. तेव्हा आठवलं, सासऱ्यांनी भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाकली होती. पूड टाकली, तर फट् आवाज होऊन सुंबा आपसूक सुटला. माहेरचं माणूस भेटावं तसा आनंद झाला मला. पण सांगणार कोणाला? कोळशाच्या पाटीला?

उरला प्रश्न हातांचा. घणाला दोन हात लागतात, मग सुंबा कोण धरणार? शेजारच्या गाळ्यात एक मालवणी लेथवाला होता, तोंडाचा तिरसट. त्याला म्हटलं, मला एक घोडी करायची आहे. खाली भोकाचा ठोकळा, चार खांब, वर जाड प्लेट, आणि प्लेटच्या भोकातून सुंबा सरळ खाली उतरेल. धरायला माणूस नको.

"भोक केवढा व्हया?" तो म्हणाला.

मी त्याला माझी दोन बोटं दाखवली.

"बोटाक माप नसता, वयनी! एमएममध्ये सांग." पण तोंड वाजवत वाजवत त्यानं माझ्या बोटांना कॅलिपर लावला आणि दोन दिवसांत घोडी करून दिली. झकास उभी राहिली. मला वाटलं, संपलं, जिंकले.

कसलं काय! वाट लागली. पहिला तुकडा टाकला, सुंबा लावला, घण मारला. सुंबा लोण्यात उतरावा तसा उतरला, आणि उतरतच राहिला. बूड फोडून खाली आला. दुसरा तुकडा, तेच. तिसरा, चौथा, पाचवा, सगळ्यांच्या बुडाला भोक. अणी ओढायला खाली काही शिल्लकच नाही. घाव मोजायचं ठरवलं, तर मोजणं आणि मारणं दोन्ही एकदम जमेना. आठवर गेलं की पुढचा आकडा कुठंतरी जायचा आणि हात चालतच राहायचे.

पाचवा तुकडा फुटला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी थांबत नव्हते, कारण मला कोणी थांब म्हणत नव्हतं. अठरा वर्षं मी टिक-टिक झाल्यावरच थांबलेली. किती मारायचं हे ठरवणं माझं काम कधी नव्हतंच. माझे हात अजून त्या आवाजाची वाट बघत होते.

मग मी ह्यांना शिव्या दिल्या. मोठ्यानं, त्या रिकाम्या पाटाकडं बघून. "स्वतः गेलात ते गेलात, मला थांबायला तरी शिकवून जायचं होतं! चहा कर, चहा कर! एकदा तरी सांडशी दिलीत का हातात?" लेथवाला लेथ बंद करून दारात येऊन बघून गेला. त्याला वाटलं असणार, बाई कामातून गेली.

त्याच रागात मी सहावा तुकडा टाकला. पुनवेला आठ दिवस राहिले होते. मारता मारता घण तिरका पडला, सुंब्यावरून घसरला आणि घोडीच्या प्लेटवर आदळला. टण! कोरड्या लोखंडाचा आवाज, चालू कामात हातोडी रिकाम्या ऐरणीवर पडावी तसा. आणि माझा पुढचा घाव डोक्यावरच थांबला. मी थांबवला नाही, हात आपोआप थांबले. घण बाजूला पडला. मी तुकडा काढून बघितला, तर नळी झालेली, आणि बूड शाबूत.

पुढचं मग आमच्याच विद्येतलं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी चढवतात? तापवून मोठी करायची, बसवायची, थंड झाली की ती आवळते. तशी मी एक जाड कडी तापवून सुंब्याच्या गळ्यात चढवली. सुंबा हवा तेवढा आत गेला की कडी प्लेटवर आदळायची. टण! की मी थांबायचे. तीन दिवसांत बारा नळ्या झाल्या, तशाच ओळीनं बाराही अण्या ओढल्या. एकही फुकट गेली नाही. कोळीण आली, तिनं प्रत्येक नळीत बोट घालून फिरवलं, सांधा शोधला, आणि म्हणाली, "कसा केलास गो? तुज्यासारी तूच." जाताना पाटीतून दोन बोंबील काढून माझ्या ताटलीत टाकले.

पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दीर टेम्पो घेऊन आले. शब्दाचे पक्के. भट्टीत तुकडा तापत होता, तो मी काढून घोडीत टाकला, कोळशाची चिमूट टाकली, सुंबा लावला आणि सुरू केलं. दीर दाराला टेकून बघत होते. घाव पडत गेले, आणि टण! माझा घण बाजूला गेला.

दीरांची मान झटक्यात वळली, माझ्याकडं नाही, ह्यांच्या पाटाकडं. लोहाराचा कान तो. क्षणभर त्यांना वाटलं असणार की दादा बसलाय. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिनंच डोळे पुसले. "राहू दे ऐरण," म्हणाले. "दादाच्या जागी बसलात तरी चालेल." टेम्पो रिकामा परत गेला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. ऐरण माझी, शेड माझी, हत्यार माझं, आणि आता कामाला दुसरं माणूस लागत नव्हतं. मी आणखी एक तुकडा तापवला, पिवळा झाला तसा घोडीत टाकला, सुंबा लावला, घण उचलला आणि उभी राहिले.

उभीच राहिले. इतके दिवस रागात आणि घाईत कळलंच नव्हतं. मी टिक व्हायची वाट बघत होते. एकदा, सुरुवातीची. थांब म्हणायला मी कडी बसवली होती, पण सुरू कर म्हणणारं त्या शेडमध्ये काहीच नव्हतं. समोर लोखंड पिवळ्याचं लाल झालं, लालाचं काळं झालं. घण खांद्यावर घेऊन मी रडले. तेराव्यालाही एवढी रडले नव्हते.

मग सुंबा काढला, तुकडा पुन्हा भट्टीत घातला, पंखा फिरवला. तापल्यावर परत घोडीत टाकला, सुंबा लावला, घण उचलला. रिकाम्या पाटाकडं बघितलं आणि माझ्याच तोंडानं म्हणाले, "टिक."

आणि घाव घातला.