आमच्या यांची झोप

आमचे हे, धर्माजी, फौजेत हवालदार होते. कारगिलहून आले, पेन्शन घेतली आणि आम्ही पोलादपूर सोडून मीरा रोडला, हाटकेशमध्ये फ्लॅट घेतला. माणूस सुखरूप आला म्हणून मी देवीची ओटी भरली खरी, पण झोप काही यांच्याबरोबर परत आली नाही. रात्र रात्र गॅलरीत बसायचे. गणपतीत फटाके वाजले की बाथरूमचं दार लावून घ्यायचे. सोसायटीतल्या पोरांच्या हातात खेळण्यातली बंदूक दिसली की जवळ बसवून सांगायचे, सतीची चाल गेली ना, तशी एक दिवस लढाईपण जाईल. माणूस अजून लहान आहे, मोठा होईल. मी म्हणायची, डोंबल मोठा होतोय! पण मनातून पटायचं. त्या एका बोलण्यावर हे तग धरून होते.

मग तो मेला उन्हाळा आला. नळाला पाणी नाही. सोसायटीने टँकर मागवायचा आणि ए विंग, बी विंगने पाइपासाठी झोंबाझोंबी करायची. आम्ही ए विंग. सेक्रेटरी यांना बोलवायला आले, तुम्ही मिलिटरीवाले, तुम्हीच काहीतरी करा म्हणाले. यांनी हात जोडून त्यांना परत पाठवलं. पण पुढच्या टँकरला आमची माणसं धक्के खाताना गॅलरीतून बघत हे सारखे पुटपुटत होते, असं नाही, असं नाही करत. त्याच्या पुढच्या टँकरला बूट घालून खालीच गेले.

काय सांगू तुम्हाला! दोघांना गेटवर, दोघांना स्कूटरींच्या आड, एकाला टँकरच्या मागे उभं केलं. यांनी हात हलवला आणि बघता बघता पाइप आमच्या टाकीत. बी विंगचे नाथाभाऊ, रोज सकाळी टपरीवर यांच्यासोबत चहा पिणारे, मध्ये आडवे आले. पाइपाचं लोखंडी तोंड त्यांच्या कपाळावर बसलं, टाके पडले. आणि मी? गॅलरीत टाळ्या वाजवत होते, रक्त दिसेपर्यंत.

हे वर आले, पोटभर जेवले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले, ते ऊन अंगावर येईपर्यंत. मी ते घोरणं ऐकत बसले. रडू येत होतं, कशाचं ते कळेना.

उठल्यावर चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाले, "शुभदा, मला मजा आली गं. नाथाचं रक्त बघूनसुद्धा आली. मग त्या पोरांना मी इतकी वर्षं काय सांगतोय?"

चहा तसाच टाकून हे नाथाभाऊंकडे गेले, त्यांच्या बायकोने दार उघडलं नाही. पुन्हा गॅलरी सुरू झाली.

पुढचा टँकर आला, हॉर्न वाजला. हे उठले नाहीत, तारवटलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिले. आमच्या घरात पिंप काठोकाठ भरलेलं होतं. देवाशप्पथ सांगते, पाण्यासाठी नव्हे. मी यांचे बूट आणले आणि पायाशी ठेवले.