आईनं मीठ सोडलं तेव्हा

"तुमच्या आईच्या रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय," मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. हायपोनेट्रेमिया. म्हणजे अंगातलं मीठ जिवाला धोका होण्याइतकं कमी होणं. मला पटेचना. मिठाचं दुखणं तर माझं. बीपी माझा, ठेचा-पापड माझे, आणि पानात वरून मीठ घेणाराही मीच.

आठवडाभर आईला मळमळत होतं, चालताना तोल जात होता. जतचा उन्हाळा; ऊन लागलं असं समजून आम्ही तिला पाणी पाजत राहिलो. त्या सकाळी तिनं मला तिच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारली. पिकअपमध्ये घालून तिला मिरजेला आणलं.

आयसीयूबाहेर मला बसवेना. खुर्ची, जिना, चहाची टपरी, पुन्हा खुर्ची. सोडियम हळूहळूच वाढवायचं असतं, घाई केली तर मेंदूला इजा होते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि मला तर दूध तापेपर्यंतही धीर नसतो. नर्सला सारखा आकडा विचारायचो. शेवटी ती माझ्याकडे बघायचीच बंद झाली.

दुसऱ्या दिवशी आई भानावर आली, तिनं मला ओळखलं. मी तिथंच रडलो. डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं तेव्हा कळलं, बाई महिनाभर अळणी खात होती. त्यात पायांच्या सुजेवरची लघवीची गोळी होतं ते मीठही बाहेर काढत होती, आणि आम्ही पाजलेलं पाणी उरलंसुरलं पातळ करत होतं.

"बिरोबाला सबूद दिलाय," ती म्हणाली. "लेकाचा बीपी उतरंस्तवर मी मीठ शिवणार न्हाई."

समोरच्या मीठ घातलेल्या पेजेला ती हात लावेना. डॉक्टरांनी समजावलं, मी चिडलो, हात जोडले. ढिम्म. शेवटी म्हणालो, "आई, तुझ्या जागी मी सोडतो. चालंल का देवाला?"

तिनं बोटांवर मोजत विचारलं, "वरचं मीठ, ठेचा, पापड, समदं?"

"समदं."

मग तिनं वाटी उचलली.

मीठ कमी करा, पण कुणाचंही साफ बंद करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरातली म्हातारी माणसं काय जेवतात, तेही बघत जा.

सुरुवातीला मला घास गिळवत नव्हता, सगळ्यांवर खेकसायचो. आता बीपी उतरलाय. आई गावभर सांगते, बिरोबा पावला. गोळ्या मी घेतो, बेचव मी खातो, नाव देवाचं. पण तिला खोटं कसं म्हणू? तिनं स्वतःचा जीव टांगणीला लावला नसता, तर मी कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं.