भावाच्या घराचे खांब

भूकंपाआधी लोक ताईकडे जायचे ते जिना कुठून घ्यावा, स्वयंपाकघरात उजेड कसा आणावा, हे विचारायला. ती आर्किटेक्ट. तिचं ऑफिस म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची खोली, एक मोठं टेबल आणि दोन खुर्च्या. भूकंपानंतर तिला कुणी बोलवेना. तीच लोकांच्या दारात जायची, आणि ती दिसली की लोक दार लोटून घ्यायचे.

मदत पथकाने तिला दोन कामं दिली होती. मैदानावर तंबूंची वस्ती आखायची, आणि उभी राहिलेली घरं तपासून दारावर रंगाची खूण करायची. हिरवी म्हणजे राहा. पिवळी म्हणजे दुरुस्त करून राहा. लाल म्हणजे बाहेर पडा. मी गवंडी. ती बोट ठेवेल तिथलं प्लास्टर फोडायचं, एवढंच माझं काम. रंगाचा डबा ती स्वतः उचलायची. मी एकदा हात पुढे केला तर म्हणाली, "नको मिस्त्री. शिव्या मलाच खायच्यात, तर डबा माझ्याच हातात दिसू दे."

शिव्यांना तोटा नव्हता. एका म्हाताऱ्याने तोंडावर ऐकवलं, "आली बघा घरं खाणारी. हिच्यापेक्षा भूकंप परवडला."

"भूकंप न सांगता आला, आजोबा. मी सांगून आलेय," ती म्हणाली आणि ब्रश बुडवला.

तंबूंच्या ओळी तिने आखल्या, पुसल्या, पुन्हा आखल्या. पाणी एका अंगाला उतरलं पाहिजे. एका तंबूचं दार दुसऱ्याच्या दारासमोर नको. बायकांना संडासाला जाताना चारचौघांपुढून जावं लागू नये. लोक म्हणत, तंबूला कसला आलाय नकाशा, ठोका खुंट्या. पहिला पाऊस पडला तेव्हा मात्र कुणाचं अंथरूण भिजलं नाही. 

गल्ल्या संपत आल्या. एक घर राहिलं. तिच्या थोरल्या भावाचं. रोज आम्ही त्याच्या समोरून जायचो आणि ती मान वर करायची नाही.

त्या घराचा नकाशा तिनेच काढलेला, शिकून आल्यावरचा पहिला. खाली नुसते खांब, वर खोल्या. भावाची मालवाहू गाडी होती, ती खाली उभी राहायची. मधला एक खांब आड येत होता. "धाकटे, तेवढा काढ, गाडी वळत नाही," तो म्हणाला. तिने कागदावरचा खांब पुसला, वरचा बीम जाड केला. वजनाचा हिशेब बसला. घर हललं तर काय, हा हिशेब तेव्हा कुणी केला नाही. घर देखणं झालं. लोक मुद्दाम बघायला यायचे.

शेवटी गेलो. भाऊ गाडीला टेकून उभा होता. "ये. ओरखडा सापडला तर नाव बदलीन."

खरोखर ओरखडा नव्हता. ती खांबांपाशी गेली, एकाच्या माथ्याजवळ बोट ठेवलं. "मिस्त्री, इथे."

"घर तूच उभं केलंस, आता तूच फोड," भाऊ तिला म्हणाला.

प्लास्टर पडलं. आत तिरपी भेग होती. दुसऱ्या खांबालाही तशीच.

"केसाएवढी आहे," भाऊ म्हणाला. "केसाने घर पडतं होय?"

"दादा, ती आरपार आहे."

त्याने आवाज उतरवला. "पिवळी लाव. तुला कोण विचारणार आहे? आईला तंबूत कसं नेऊ? खुर्चीत बसल्याशिवाय तिला श्वास घेता येत नाही."

वरून आईचा आवाज आला. "धाकटी आली का रे? वर का येत नाही?"

ताई वर गेली नाही. तिने लाल खूण केली. रंग जास्त झाला आणि दारावरून खाली ओघळला.

आईला खुर्चीसकट आम्ही खाली आणलं. ताईने तिच्यासाठी उंचावरचा तंबू ठेवला होता, खाली फळ्या टाकल्या होत्या. आई म्हणाली, "तुझं हे घर तरी पक्कं आहे ना गं?" थंडी पडली आणि आई गेली. थंडीने की वयाने, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. भावाने सांगितलं, जमलेल्या सगळ्यांसमोर. "हिच्या एका फटकाऱ्याने गेली." मग त्याने सुरीने दारावरचा लाल रंग खरवडला आणि बायको-मुलांना घेऊन वर राहायला गेला.

घर पडलं नाही. छोटे धक्के येत राहिले. प्रत्येक वेळी ताई तंबूबाहेर येऊन त्या गल्लीकडे बघत उभी राहायची. एकदा म्हणाली, "पडलं असतं तर मी खरी ठरले असते, मिस्त्री. आणि पडू नये म्हणून मीच हात जोडतेय."

एका दुपारी जरा जोराचा धक्का आला. थोड्या वेळाने वहिनी मैदानावर आली. दोन मुलं, डोक्यावर वळकटी. "वन्सं, एक तंबू द्या. तुमच्या भावाला राहू दे तिथेच. त्यांना गाडी सांभाळायची आहे."

"तंबू देते. पण वहिनी, खांब बांधू या. दादाला विचारा."

"विचारायचं काय त्यात? सांगते."

काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर उभी होती. आम्ही बीमखाली टेकू लावले. प्रत्येक जुना खांब खरबरीत होईपर्यंत छिन्नीने टोचला, भोवती नव्या सळ्या बांधल्या, काँक्रीट ओतून जाड केला. तेव्हा कागदावरून पुसलेल्या मधल्या खांबासाठी खड्डा खणला, तोही उभा केला. मान वर करून छिन्नी मारायची म्हणजे डोळ्यांत चुरा, खांद्यांत गोळे. ताई घमेली उचलायची. तिला ते जमत नव्हतं, तरी उचलायची. भाऊ वरून उतरला नाही.

काँक्रीट सुकून खांबांभोवतीच्या फळ्या काढल्या, त्या दिवशी उतरला. मधल्या नव्या खांबाला फेरी मारली, त्यावर पंजा आपटून बघितला.

"गाडी आत येणार नाही आता."

"नाही येणार," ताई म्हणाली.

त्याने हाताची धूळ झटकली. मग म्हणाला, "आईची खुर्ची तंबूतच आहे अजून?"

"आहे."

"घेऊन ये," तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

मी काम सोडून बरीच वर्षं झाली. त्या गल्लीतून जातो तेव्हा गाडी बाहेर, उन्हात उभी दिसते.