सर्जेमामांची फायनल

माझ्या उजव्या हाताकडे सरळ बघणारा गल्लीत एकच माणूस होता, सर्जेमामा. बाकीचे लोक माझ्याशी बोलताना भिंतीकडे नाहीतर माझ्या पायांकडे बघायचे. मामा मात्र तालमीच्या कट्ट्यावरून भर रस्त्यात ओरडायचे, "शबनम, आण बघू हात! आज कसा हाय?" आणि माझी वाकलेली बोटं आपल्या राकट पंजात घेऊन एकेक उघडून बघायचे. दुखायचं, पण मला ते आवडायचं.

मी सहा वर्षांची असताना अंघोळीच्या कढत पाण्याची बादली माझ्या अंगावर उपडी झाली. अब्बा शाहूपुरीतल्या दुकानात रिक्षांच्या सीट शिवत होते. अम्मीची किंकाळी ऐकून मामा धावत आले, मला ओल्या चादरीत गुंडाळलं आणि अम्मीला मोटारसायकलवर मागे बसवून दवाखाना गाठला. पहिलं ऑपरेशन होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. अब्बांना म्हणाले, "रडायचं न्हाय. मी हाय की!" लग्न असो, मयत असो, नाहीतर नळावरचं भांडण, मामांनी 'मी हाय की' म्हटलं की माणसं काळजी त्यांच्यावर टाकून मोकळी व्हायची. त्यांना स्वतःचा संसार नव्हता. आमच्याकडे तालमी कुस्तीइतक्याच फुटबॉलसाठी जगतात; आमच्या तालमीचा फुटबॉल संघ हाच त्यांचा प्रपंच.

भाजलेली कातडी मुलाबरोबर वाढत नाही. हात वाढतो, कातडी तेवढीच राहते आणि बोटं आत ओढली जातात. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुसरं ऑपरेशन वेळेत करा, नाहीतर हात असाच राहील. तो खर्च अब्बांच्या शिलाईतून निघणारा नव्हता. मग मामांनी एका मॅचला मला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या स्टेडियममध्ये फिरवलं. तालमीतली पोरं चादर पसरून पुढे चालत होती. मी हात ओढणीत लपवला, तसे मामा खालून म्हणाले, "लाजतीस कशाला? वर कर. गल्लीची पोरगी हाय तू आमच्या!" मी हात वर केला. विरुद्ध संघाच्या पेठेतल्या लोकांनीसुद्धा चादरीत नोटा टाकल्या. घरी आल्यावर अम्मी रडली, पोरीचा तमाशा केला म्हणाली. अब्बांनी तिला गप्प केलं.

ऑपरेशनची तारीख ठरली. अब्बा पैसे आणायला तालमीत गेले आणि तसेच परत आले. लीग तोंडावर आली होती आणि मामांनी त्या पैशांतून आफ्रिकेतला एक स्ट्रायकर आणला होता. "गेटचं पैसं आलं की पयलं तुझंच," ते अब्बांना म्हणाले. मला कुणी काही सांगितलं नाही. त्या उंच खेळाडूने गोल मारला की मी घसा बसेपर्यंत ओरडायचे. आम्ही फायनल जिंकली. गेटचे, म्हणजे तिकिटांचे पैसे विजयाच्या मिरवणुकीत गेले. मग अब्बा दिसले की मामा रस्ता बदलू लागले. शेवटी अब्बांनी शिलाई मशीन विकलं, दुसऱ्याच्या दुकानात रोजावर राहिले आणि ऑपरेशन केलं. तोवर उशीर झाला होता. अंगठा तेवढा मोकळा झाला.

हे सगळं मला अम्मीने सांगितलं, मी कॉलेजात गेल्यावर. अब्बा शेवटपर्यंत एकच म्हणत राहिले, "त्यांनी तुला जिवंत आणलं, आपण काय बोलायचं?" मामा चोर असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी त्यातला एक रुपयासुद्धा घरी नेला नव्हता. आणि पैसे कुठे गेले हे सगळ्या गल्लीला तेव्हाच ठाऊक होतं.

गेल्या वर्षी मामांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेले आणि विचारलंच. वाटलं होतं, मान खाली घालतील. त्यांचे डोळे चमकले.

"अगं, ऑपरेशन काय, फुडच्या वर्षी बी झालं असतं. फायनल परत आली असती व्हय? आणि तू बी नाचलीस की गुलालात!"

नाचले होते, खोटं कशाला बोलू? माझ्याच हातावर पाणी सोडून सगळी गल्ली नाचत होती, आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे मी होते. मी उठून आले.

महिन्याभरात मामा गेले. तालमीसमोर शोकसभा ठेवली होती, दोन शब्द बोलायला मला निरोप आला. मी दार लावून घेतलं आणि आत बसून खूप रडले. रडू मामांसाठी येत होतं, याचाही मला संताप येत होता. गल्लीत अजून म्हणतात, ज्यानं जीव वाचवला त्याच्या शोकसभेलासुद्धा आली न्हाय, शबनम उपकार विसरली.